खंडेनवमीचं पिस्तूल

ती दुपार आठवली की आजही मला आधी घाम फुटतो आणि मागून हसू येतं. नोकरीत असताना पुष्कळ प्रकरणं हाताखालून गेली, बरीचशी विसरलेही, पण हे काही डोक्यातून जात नाही. त्यातली मंडळी हयात आहेत, सुखात आहेत, म्हणून कुणाचंच नाव लिहीत नाही. गाव तेवढं सांगते : नेदरलँड्समधलं एनस्खेडे. जर्मनीच्या सीमेला लागून असलेलं, तंत्रविद्यापीठाचं गाव.

आधी माझ्याविषयी थोडं. मी मूळची साताऱ्याची. लग्न होऊन या देशात आले, भाषा शिकले आणि एक दिवस पोलीस भरतीला उभी राहिले. माहेरी कळलं तेव्हा आईने कपाळाला हात लावला. इथली माणसं ताडमाड उंच. त्यांच्या दलात माझ्या मापाची वर्दी मिळायलाच मारामार. सायकलवरून गस्त घातली, ठाण्यात काउंटरवर बसले, दारुड्यांना घरी पोचवलं आणि शेवटची काही वर्षं शस्त्रपरवाना विभागात काढली.

या विभागाचं काम भारतातल्या वाचकाला जरा उलटं वाटेल. आपल्याकडे परवाना मागताना माणूस सांगतो, जिवाला धोका आहे, स्वसंरक्षणासाठी हवं. इथे तो शब्द तोंडातून निघाला की अर्ज तिथेच निकालात. शिकार करत असाल किंवा नेमबाजीच्या क्लबात नियमाने जात असाल, तरच शस्त्र मिळतं. तेही घरात भिंतीला ठोकलेल्या पोलादी कपाटात, किल्ली फक्त परवानाधारकाकडे, गोळ्या वेगळ्या पेटीत कुलपात. रस्त्यावर न्यायचं तर रिकामं, बंद पेटीत, घरातून थेट क्लबात. खिशात घालून हिंडणं दूरच, पर्समध्ये मिरचीचा फवारा ठेवला तरी ते बेकायदा शस्त्र. पुण्या-मुंबईहून शिकायला आलेल्या कितीतरी मुलींचे असले फवारे मी जप्त केलेत. सगळे आयांनी मायेने बॅगेत कोंबलेले. मुली रडायच्या, मी समजूत घालायचे, आणि फवारा मात्र द्यायचे नाही.

आमचं दुसरं काम म्हणजे न कळवता घरी जाऊन कपाट तपासणं. माझ्याबरोबर एक तरुण डच सहकारी असायचा. इतका उंच की दारातून वाकून आत यायचा. मनातल्या मनात मी त्याला लंबू म्हणायचे, इथेही तेच म्हणते.

तर त्या दिवशी सकाळी ठाण्यात एक वयस्कर गृहस्थ आले. डोक्यावर टोपी, हातात कुत्र्याचा पट्टा, कुत्रं बाहेर खांबाला बांधलेलं. काउंटरवर बोलायला तयार होईनात. आत नेलं तेव्हा पहिला प्रश्न, "माझं नाव कुणाला कळणार नाही ना?" मी म्हटलं, नाही कळणार. खबर देणाऱ्याचं नाव फोडायचं नाही, हा आमच्या धंद्यातला पहिला धडा आहे, साताऱ्यात काय आणि इथे काय.

मग त्यांनी सांगितलं ते असं. समोरच्या घरात एक भारतीय बाई राहते, एकटीच, विद्यापीठात संशोधक आहे. चांगली बाई. नेमबाजी करते हे गल्लीत सगळ्यांना ठाऊक आहे, त्याबद्दल काही म्हणणं नाही. सध्या तिची आई आली आहे. काही दिवसांपूर्वी ते दुपारी कुत्र्याला फिरवत होते आणि खिडकीतून दिसलं, की म्हातारी बाई टेबलावर पिस्तूल ठेवून त्याला फुलं वाहतेय, लाल पूड लावतेय, हात जोडतेय.

"मला तक्रार करायची नाही," ते पुन्हा पुन्हा म्हणाले. "पण त्या बाईंना काही दुःख आहे का? त्या जिवाचं काही बरंवाईट तर करून घेणार नाहीत? मला झोप लागत नाही."

तुम्ही म्हणाल, खिडकीतून दुसऱ्याच्या घरात कसं दिसलं? इथे दिसतं. या लोकांच्या दिवाणखान्याच्या खिडक्या भिंतभर मोठ्या आणि पडदे बारा महिने उघडे. आपली माणसं इथे आली की पहिल्या आठवड्यात जाड पडदे आणतात. ही संशोधक बाई मात्र इथे राहून राहून इथल्यासारखी झाली होती.

लंबूचे डोळे मोठे झाले होते. त्याला हा काहीतरी गूढ पंथाचा प्रकार वाटला. मला मात्र चटकन उलगडा झाला. खंडेनवमी! दसऱ्याच्या आदल्या दिवशी आपल्याकडे शस्त्रं पुजतात, शस्त्रं नसली तर विळी-कोयता पुजतात. मी त्याला समजावून सांगितलं, तोही हसला, आणि मीही हसता हसता थांबले. वार कामाचा, वेळ भर दुपारची. म्हणजे परवानाधारक लेक तेव्हा विद्यापीठात असणार. मग कपाट उघडलं कुणी?

त्याच दिवशी, शुक्रवारी, आम्ही दोघं जेवणाच्या वेळेला दारात हजर झालो. लेक घरूनच काम करत होती. चाळिशीची, सडपातळ, पायात लोकरीचे मोजे, कानात हेडफोन. तिचा परवाना माझ्या आधीच्या अधिकाऱ्याने दिलेला, त्यामुळे आमची ही पहिलीच भेट. ओळखपत्र दाखवलं तर ती खूशच झाली.

"अय्या, तुम्ही मराठी? या ना ताई! इन्स्पेक्शन ना? बरं झालं आत्ताच आलात, पुढच्या महिन्यात माझी नॅशनल्स आहे. पहिल्यांदाच सिलेक्शन झालंय."

भिंतीवर फ्रेम करून लावलेला कागदी लक्ष्याचा एक तुकडा होता, मधोमध भोकांचा पुंजका. तेवढ्यात स्वयंपाकघरातून तिची आई आली. सांगलीकडची, साधारण पंचाहत्तरीची, नऊवारी नाही पण पदर खोचलेला, कपाळावर ठसठशीत कुंकू. आमची वर्दी बघून ती जागीच थबकली. मी "नमस्कार काकू" म्हटलं तरी चेहरा सैल झाला नाही.

किल्ली आणायला लेक स्वयंपाकघरात गेली आणि लगेच आली. मी किल्ली बघितली. दातऱ्यांमध्ये पिवळी भुकटी अडकली होती. अगं बाई, तुरीची डाळ! माझ्या आईच्या कपाटाची किल्लीसुद्धा जन्मभर डाळीच्या डब्यातच होती. लेकीला वाटत होतं की किल्लीची जागा जगात फक्त तिलाच ठाऊक आहे. पण ती जागा ती शिकली कुणाकडून? जिच्याकडून शिकली, ती आता इथेच मुक्कामाला होती.

लेकीने कपाट उघडलं. आत लाल रेशमी फडकं अंथरलेलं. त्यावर पुतळ्यांची माळ, चार पाटल्या, नथीची डबी आणि एक घडी न मोडलेलं इरकली लुगडं. पिस्तूल नव्हतं.

लेक खाली वाकून बघायला लागली, लुगडं उचललं, पुन्हा ठेवलं. मग जिन्याच्या पायरीवर बसली. "लास्ट वीक प्रॅक्टिसनंतर मीच ठेवलंय, ताई. आय स्वेअर. इथेच ठेवलंय."

हरवलेलं शस्त्र म्हणजे आमच्याकडे धोक्याची घंटाच. लंबूने ठाण्यात फोन लावला. वरिष्ठांनी सांगितलं की घराची झडती घ्या, संध्याकाळपर्यंत सापडलं नाही तर प्रकरण गुन्हे शाखेकडे जाईल. याचा अर्थ मला माहीत होता आणि लेकीलाही. परवाना कायमचा जाणार, स्पर्धा जाणार, बेजबाबदारपणे शस्त्र गमावल्याचा गुन्हा नावावर लागणार, आणि असा गुन्हा नावावर असलेल्या बाईकडे विद्यापीठ कोणत्या नजरेने बघेल ते वेगळं सांगायला नको. एकटीने इतक्या वर्षांत उभं केलेलं सगळं त्या रिकाम्या कपाटात दिसत होतं.

चौकशीची आमची एक साधी पद्धत आहे : माणसं वेगळी करायची. लंबू लेकीला घेऊन वर गेला. मी काकूंसमोर स्वयंपाकघरात बसले.

"काकू, मी पोलीस आहे. तुम्ही जे सांगाल ते मला लिहावं लागेल. आणि गप्प राहायचा तुम्हाला अधिकार आहे."

"असं हाय व्हय? मग गप्पच बसते की."

आणि बसल्या. मी कपाट कुणी उघडलं विचारलं, दागिने कुणी ठेवले विचारलं, पिस्तूल पाहिलंत का विचारलं. काकू भिंतीवरच्या घड्याळाकडे बघत राहिल्या. मी अट्टल चोर बोलते केलेत, पण पदर खोचून बसलेली सांगलीची बाई म्हणजे काळा फत्तर. थोड्या वेळाने त्याच बोलल्या.

"तू कुठली गं?"

"साताऱ्याची."

"माहेरचं आडनाव काय?" मी सांगितलं. "वडील काय करायचे?" सांगितलं. "मुलं किती? नवरा स्वयंपाकाला मदत करतो का?" झाली उलटतपासणी सुरू! मी भराभर उत्तरं देत होते आणि आपण कोणाची चौकशी करायला आलोय तेच विसरले होते. शेवटी म्हणाल्या, "चांगल्या घरची दिसतीस. मग दुसऱ्याच्या लेकीला कशाला छळतीस?"

आता मला कळलं की ही बाई काहीतरी धरून बसली आहे, आणि ते लेकीच्या भल्याचं आहे असं तिला वाटतंय.

लंबू खाली आला. लेकीकडून नवीन काही मिळालं नव्हतं. त्याने नियमाप्रमाणे शोध सुरू केला. गाद्या, खण, कपडे धुण्याचं मशीन, पुस्तकांच्या मागे. स्वयंपाकघरात ओट्याखाली स्टीलचे मोठे डबे होते, तेही त्याने एकेक उघडून बघितले. पीठ, तांदूळ, डाळी. झाकण उघडायचा, वर पाहायचा, बंद करायचा. इथे तांदूळ मिळतो पुठ्ठ्याच्या पुडीत, दोन-चार जेवणांचा. हाताच्या कोपरापर्यंत खोल तांदूळ साठवतात हे त्या बिचाऱ्याच्या स्वप्नातही नव्हतं. मीही त्या वेळी काही बोलले नाही, कारण माझंही लक्ष डब्यांकडे नव्हतं.

जेवणाची वेळ टळून गेली होती. काकूंना राहवेना. शत्रू झाला तरी दारी आलेला माणूस उपाशी कसा ठेवायचा? "दोन घास खाऊन मग शोधा की काय शोधायचं ते," म्हणाल्या. ड्यूटीवर असताना आम्हाला कुणाच्या घरी जेवता येत नाही, मी तसं सांगितलं. पण नाकाला कोण आवरणार? मी शेगडीकडे गेले आणि सवयीने झाकणं उचलून बघितली. तव्याशेजारी पोळ्या. फ्लॉवर-बटाट्याची भाजी. मोठ्या पातेल्यात साधं वरण, वर तुपाची धार.

आणि भात नव्हता.

"काकू, वरण केलंय, मग भात कुठाय?"

"आज नाही केला."

"काल?"

"काल बी नाही. भातानं साखर वाढती."

जिन्यातून लेकीचा रडवेला आवाज आला. "आई, तुला शुगर नाहीये! गेला आठवडाभर पोळीशी वरण खायला घालतेय मला, विचारलं तर हेच सांगते!"

काकूंनी लेकीकडे असं पाहिलं की ती चाळिशीची संशोधक बाई पाय पोटाशी घेऊन बसली. मी तांदळाच्या डब्याकडे वळले.

"अगं ए! त्याला हात लावू नको! देवाच्या नैवेद्याचा हाय तो!"

लंबूने डबा उघडला तेव्हा मात्र नैवेद्य आठवला नव्हता. मी बाही वर केली, हातमोजा घातला आणि कोपरापर्यंत हात घातला. बोटांना कापड लागलं. बाहेर काढलं तर जुन्या साडीच्या तुकड्यात गुंडाळलेलं पिस्तूल. नळीवर कुंकवाचं बोट, दस्त्याला हळद, आणि चापाजवळ झेंडूची एक वाळकी पाकळी. लंबू नुसता बघत राहिला. मी नळीचं तोंड खिडकीकडे न करता ते धरलं, नियमाप्रमाणे आतून तपासलं. नळीतून दोन-चार दाणे तांदूळ ओट्यावर पडले.

"रिकामं आहे," मी लंबूला सांगितलं.

काकू ताडकन उठल्या. "रिकामं म्हणजे?"

"म्हणजे गोळ्या नाहीत आत. गोळ्या वेगळ्या पेटीत, कुलपात असतात. त्या पेटीची किल्ली तुमच्या लेकीच्या गळ्यात आहे बघा, साखळीला."

"म्हणजे... मी आठवडाभर रोज रात्री उशाशी घेऊन झोपले ते रिकामंच?"

"हो काकू."

त्या खुर्चीत बसल्या. मग हळूच म्हणाल्या, "पण झोप तर लागली की गं."

मला हसू आवरेना. वर्दीत हसू नये म्हणतात, पण मी हसले. काकूही हसल्या आणि हसता हसता त्यांच्या डोळ्यांना पाणी आलं. लेक धावत आली आणि त्यांना बिलगली. पिस्तूल सापडलं होतं. घरात कुणाला खरचटलंही नव्हतं. त्या क्षणी मला इतका आनंद झाला की लंबूलाच मिठी मारावीशी वाटली, पण त्याच्या कमरेला मिठी बसली असती म्हणून राहू दिलं.

"काकू, आधी का नाही सांगितलंत?"

"का सांगू? मुद्देमालच सापडला नाही तर केस कसली? आपल्याकडं असंच असतंय. मला वाटलं, तुम्ही हिला बंदूक बाळगली म्हणून धरायला आला."

म्हणजे बघा! लेकीला वाचवायला ती माउली लेकीच्याच गळ्याला फास लावत होती. मी तिला समजावलं, "इथे उलटं आहे काकू. हिला पिस्तूल ठेवायची मुभा आहे. ते हरवलं असतं तर हिचं सगळं गेलं असतं." काकूंनी दोन्ही हात तोंडावर ठेवले.

मग सगळं बाहेर आलं. पहिल्याच आठवड्यात वरण लावायला डाळीत हात घातला तर किल्ली हाती आली. कपाट उघडून पाहिलं. तेव्हापासून जीव थाऱ्यावर नव्हता. लेक एकटी, खिडक्यांना गज नाहीत, पडदे सताड उघडे, आणि हत्यार ठेवलंय कुलपात. "चोर आल्यावर काय म्हणायचं त्याला? थांब बाबा, किल्ली आणते?" खंडेनवमीला पिस्तूल काढून पुजलं आणि मग परत ठेवलंच नाही. दिवसा तांदळात, रात्री उशाशी. त्याच्या तेलाचा वास भाताला लागेल म्हणून भात बंद. आणि तिजोरी रिकामी ठेवू नये, म्हणून तिच्यात दागिने.

"पण काकू, या गावात तुम्हाला एवढी भीती कसली?"

काकूंनी आवाज खाली आणला. "एक माणूस रोज येतो. दिवेलागणीला. उंच, टोपीवाला, संगं कुत्रं. खिडकीपाशी थांबतो, आत बघतो आणि हात वर करून जातो. घर हेरतोय. हिला सांगितलं तर ही हसती."

मी जीभ चावली. माझ्या तोंडून नाव जाणं शक्यच नव्हतं. पण लेकच किंचाळली, "आई! ते समोरचे आजोबा आहेत! ते मला हॅलो करतात!"

त्यानंतर जे झालं त्याला माझा काही इलाज नव्हता. बराच वेळ पोलिसांची गाडी दारात उभी पाहून ते गृहस्थ स्वतःच रस्ता ओलांडून आले. बेल वाजली, दार उघडलं, टोपी हातात घेऊन उभे. लेकीला म्हणाले, "पोलिसांकडे मी गेलो होतो. लपवून ठेवलं तर मला तुमच्या तोंडाकडे बघता येणार नाही." मग त्यांनी कारण सांगितलं. या भागात शेजाऱ्याला 'नोबर' म्हणतात आणि ते नुसतं शेजाऱ्याचं नाव नाही, ते नातं असतं. जुन्या काळापासूनची रीत, की नोबराच्या घरी दिवा लागला का, धूर निघाला का, हे बघायचं. लेक एकटी राहते, म्हणून ते रोज संध्याकाळी कुत्र्याला फिरवताना तिच्या खिडकीत नजर टाकायचे. ती दिसली की हात करायचे. म्हणजे सगळं ठीक आहे.

"काय म्हणतोय गं हा?" काकूंनी मला विचारलं. मी शब्द न शब्द मराठीत सांगितला. काकू ऐकत गेल्या, भुवया वर गेल्या.

"म्हणजे मी ह्याला भिऊन पिस्तूल काढलं, आणि हा मला भिऊन पोलिसात गेला?"

"तसंच काहीसं."

"त्याला सांग," काकू पदर सावरत म्हणाल्या, "बघायचं तर आत येऊन बघ म्हणावं. बाहेरून काय डोकावतोय चोरासारखा! बस म्हणावं, चहा टाकते."

मी हे भाषांतर करताना 'चोरासारखा' गाळला. आजोबा बसले. काकूंनी त्यांना आल्याचा चहा दिला. पहिल्या घोटाला त्यांना जोराचा ठसका लागला आणि दुसरा कपही त्यांनी मागून घेतला.

आम्हाला मात्र आमचं काम होतंच. कायदा काही मराठी-बिराठी ओळखत नाही, आणि मीही ओळखू दिलं नाही. पिस्तूल, गोळ्या, परवाना सगळं पंचनामा करून ताब्यात घेतलं. किल्ली कुठे होती, कुणाच्या हाती लागली, काय घडलं, सगळं लिहिलं. लेकीनेही एक शब्द न लपवता जबाब दिला. अहवालात कुंकवाचं वर्णन कसं करायचं यावर लंबूने माझं डोकं खाल्लं. वरिष्ठांनी माझ्याकडे बघून विचारलं, "त्या घरात भात शिजला नाही एवढ्यावरून?" मी म्हटलं, "साहेब, वरणाला भात नाही म्हणजे आमच्याकडे संशयास्पद परिस्थितीच."

निर्णय लागला तो स्पर्धेच्या जेमतेम आधी. गोळ्या वेगळ्या कुलपात होत्या, परवानाधारकाने काही दडवलं नव्हतं, इजा कुणाला नव्हती. सक्त ताकीद, किल्लीच्या जागी आकड्यांचं कुलूप आणि वरचेवर तपासणी, या अटींवर पिस्तूल परत मिळालं. तो निरोप द्यायला मी स्वतः फोन केला. पलीकडून लेकीच्या आधी काकूंचाच आवाज आला, "मिळालं का? मिळालं का गं?"

स्पर्धेला मी सुटीच्या दिवशी साध्या कपड्यांत गेले. काचेमागे बाकावर काकू, पदरावरून कानाला मोठाले संरक्षक लावलेल्या, आणि शेजारी टोपीवाले आजोबा. लेकीने हात वर उचलला. एक हात खिशात, एक हात सरळ, आणि तो लांबलेला हात हवेत जरासुद्धा हलत नव्हता. काकूंनी लेकीला नेम धरताना जन्मात पाहिलं नव्हतं. त्या बघतच राहिल्या.

"हिचा हात बघ की गं," त्या माझ्या कानाशी ओरडल्या. कानावरच्या संरक्षकांमुळे आपण किती मोठ्याने बोलतोय ते त्यांना कळत नव्हतं. "लहानपणी लवंगी फटाका लावायची तरी माझा पदर धरायची. आता बघ! आणि मी हिच्यासाठी उशाला हत्यार घेऊन बसले होते!"

लेक सातवी आली. "सातवी म्हणजे नापास का?" काकूंनी विचारलं. मी म्हटलं, "काकू, अख्ख्या देशात सातवी." मग मात्र त्यांनी सगळ्यांदेखत लेकीच्या चेहऱ्यावरून हात ओवाळले आणि स्वतःच्या कानशिलावर कडाकडा बोटं मोडली.

या प्रकरणाने मला माझं काम नव्याने शिकवलं. परवाना लेकीच्या नावावर होता आणि भीती आईच्या मनात होती. आम्ही इतकी वर्षं फक्त परवाना तपासत होतो. त्यानंतर कुठेही तपासणीला गेले की कपाट उघडायच्या आधी मी घरातल्या सगळ्यांना एकत्र बसवून विचारायचे, या घरात कुणाला रात्री झोप लागत नाही का? लोक आधी हसायचे. मग कुणीतरी बोलायचं, आणि बहुतेक वेळा ते परवानाधारक नसायचे. कुणाची बायको, कुणाचे वडील. अशा घरांत थोडं जास्त थांबायचं, शेजारी कोण आहे ते विचारायचं, हे मी काकूंकडून शिकले. कुलूप-किल्ली तपासायला कोणताही पोलीस पुरतो.

काकू भारतात परत निघाल्या त्या आठवड्यात मी त्यांना भेटायला गेले. ड्यूटी संपलेली होती, म्हणून या खेपेला जेवलेही. वरण होतं, भात होता, आजोबाही होते. निघताना दारात विचारलं, "काय काकू, आता लागते का झोप?"

"लागती की. हिची काळजी मिटली." मग माझ्या दंडाला धरून म्हणाल्या, "आता तुझी लागलीय बघ. बायमाणूस, चोरांच्या मागं रानोमाळ फिरतीस. पोचलीस की फोन कर."

माझी आई जाऊन बरीच वर्षं झाली होती. असं दारात उभं राहून कुणी मला म्हटल्याला तेवढाच काळ झाला होता. घरी पोचल्यावर बूटही न काढता मी आधी काकूंना फोन केला.